कांतीशेठची फियाट

सूर्यमाळ, ता. मोखाडा
६ जानेवारी २०२५

आदरणीय चंपावहिनी,
पंढरी झुगरेचा सप्रेम नमस्कार.

कांतीशेठना जाऊन उद्या दोन महिने होतील. तेराव्याला मी आलो होतो, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुम्ही आतल्या खोलीत होतात. लांबूनच हात जोडून परतलो. ते मनाला लागून राहिलं आहे.

फोन केला असता, पण आमच्या पाड्यावर रेंज धरायला वरच्या टेकाडावर जावं लागतं, आणि तिथं वारा एवढा की बोललेलं समोरच्याला कळत नाही. शिवाय जे मागायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. चौतीस वर्षं मास्तरकी केली, लिहायची सवय आहे, म्हणून कागद घेतला.

गेल्या आठवड्यात चष्म्यासाठी जव्हारला आलो होतो. येताना कमलेशच्या गॅरेजवर टेकलो. त्याच्याकडून कळलं की पाडव्यानंतर तुम्ही प्रसादकडे नाशिकला राहायला जाणार, घराला कुलूप लागणार आणि अंगणातली फियाट विकायची आहे. मुंबईचा कोणी माणूस येऊन बघून गेला. तो जुन्या गाड्या रंगवून लग्नात भाड्याने देतो म्हणे.

वहिनी, ती गाडी मला विकत द्याल का? किंमत तुम्ही म्हणाल ती. घासाघीस करणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहेच, तरी लिहितो. १९८८ साली माझ्या शाळेतली सहा पोरं चौथीच्या शिष्यवृत्तीला बसायची होती. केंद्र जव्हारला. आम्ही पहाटे पायी खोडाळ्याला निघालो, पोचेपर्यंत एसटी निघून गेलेली. पोरांना तसंच परत आणलं. त्याच आठवड्यात शेठ खोडाळ्याच्या बाजारात भांडी घेऊन आले होते. मी त्यांच्याकडून शाळेसाठी पाण्याची कळशी घेत होतो आणि बोलता बोलता हे सांगितलं. त्यांनी कळशी कागदात गुंडाळली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी परीक्षा कधी असते?" एवढंच. पुढच्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, फियाट धुरळा उडवत शाळेसमोर उभी.

पोरांनी मोटार एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिली होती. सकाळी आत बसताना चौघांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात जातात तशा. कोणाच्या लक्षात आलं नाही. जव्हारला उतरलो तर चार पोरं अनवाणी, आणि चपला इथं सूर्यमाळला रांगेत. शेठनी दुकानाशेजारून चार जोड आणले आणि पुढे वर्षभर ती गोष्ट सांगून हसत राहिले.

असे ते अठरा वर्षं आले. पुढे रस्ता झाला, जीपा आल्या, मग गरज उरली नाही. पण माझ्या शाळेतून जी पोरं पुढे शिकली, ती सगळी त्या गाडीतून पहिल्यांदा डोंगर उतरली. ती गाडी कोणाच्या लग्नात फुलं लावून उभी राहील हा विचार मला सोसवत नाही.

गुडघ्याची काळजी घ्या. उत्तराची घाई नाही.

आपला,
पंढरी झुगरे

*

जव्हार
१५ जानेवारी २०२५

पंढरीभाऊजी,
नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमन हातात देऊन म्हणाला, आता अशी पत्रं कोणी लिहीत नाही. मी दोनदा वाचलं. चपलांचं वाचून हसू आलं, आणि मग किती वेळ ओट्यावर तशीच बसून राहिले. हे गेल्यापासून घरात येणारा माणूस आधी चेहरा पाडतो आणि मग बोलतो. तुम्ही मला हसवलंत, त्याबद्दल आभार मानते.

आता गाडीचं. भाऊजी, खरं सांगा, तुम्हाला गाडी कुठे चालवता येते? ह्यांनी तुम्हाला एकदा शिकवायला घेतलं होतं आणि तुम्ही ती शेताच्या बांधावर नेऊन ठेवलीत, हे मला आठवतं. म्हणून माझ्या मनात आलं की मला हातभार लागावा म्हणून तुम्ही हे मागताय. तसं असेल तर मनातून काढून टाका. दुकान आधीच चांगल्या माणसाला दिलं आहे, प्रसादची नोकरी उत्तम आहे, सूनबाई सोनल मुलीसारखी वागते. मला कसली अडचण नाही.

आणि खरोखरच गाडी हवी असेल, तर मला तुमच्याइतकं योग्य दुसरं कोणी दिसत नाही. दरवर्षी परीक्षेच्या रविवारी सकाळपासून मी पुऱ्या तळायचे. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत तुमची पोरं ओट्यावर पंगत धरून बसायची. कोणी मागायचं नाही. वाढलं की मान खाली घालून खायची आणि जाताना प्रत्येक जण आपलं ताट घासून ठेवायचा. मी नको म्हटलं तरी.

पण गाडी आता प्रसादच्या नावावर होते आहे. त्याला तुमचं पत्र मोबाइलवर फोटो काढून पाठवलं. नात प्रांजलने शिकवलंय मला. तो काय ते कळवेल.

एक सांगून ठेवते. त्याच्यासमोर गाडीचा विषय निघाला की तो गप्प होतो. काही कडू लिहिलं तर मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
चंपावहिनी

*

नाशिक
२७ जानेवारी २०२५

पंढरी सर,
नमस्कार.

आईने तुमचं पत्र पाठवलं. तुम्ही कागदावर लिहिलंत म्हणून मीही कागदावरच लिहितो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

गाडी तुम्हाला द्यायची माझी इच्छा नाही. मुंबईच्या माणसाशी बोलणं झालं आहे. तो मार्चअखेर येऊन नेईल.

कारण सांगायला मी बांधील नाही, पण तुमचं वय आणि बाबांची तुमच्याशी असलेली दोस्ती पाहता सांगतो. मी चौथीत असताना, १९९७ ला, मीही त्याच परीक्षेला बसलो होतो. बाबांनी मला शब्द दिला होता की यंदा फियाट फक्त तुझ्यासाठी. आमच्या घरापासून केंद्र चालत दहा मिनिटांवर, तरी ते म्हणाले होते की तू पुढच्या सीटवर बसायचंस, मी तुला फाटकापर्यंत सोडणार. मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी दुकानातून ते घरी आले असतील, गाडी घेऊन निघूनही गेले. मी शिकवणीहून आलो तेव्हा अंगण रिकामं होतं.

रविवारी आईबरोबर चालत गेलो. फाटकाशी पोरं विचारत होती, तुझी गाडी कुठे. घंटा होईपर्यंत मी बाहेर थांबलो, मग आत जाऊन बसलो. माझा बाक खिडकीशी होता. पेपर वाटत असताना फियाट आली. तुमची मुलं उतरली. त्यातल्या एका मुलीचे केस वाऱ्याने विस्कटले होते. बाबांनी खिशातला कंगवा काढला, गुडघ्यावर बसले आणि तिचे केस विंचरले. त्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही.

ही एवढीशी गोष्ट आहे, मलाही कळतं. पण त्यानंतर मी त्या गाडीत मनापासून कधी बसलो नाही. त्या गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती. बाबांना मी हे कधी बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. अंगणात ती गाडी दिसली की मी दहा वर्षांचा होतो, आणि मला ते नको आहे. कोणी अनोळखी माणूस तिला घेऊन गेला, की सुटलो.

तुमच्याबद्दल मनात काही नाही.

प्रसाद वनमाळी

*

सूर्यमाळ
५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चार दिवस झाले. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो. आता गाडी मागण्यासाठी लिहीत नाही. ती तू कोणालाही दे. एक गोष्ट माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं पडून आहे, ती तुझी आहे, म्हणून लिहितो.

त्या वर्षी डिसेंबरात खोडाळ्याच्या बाजारात तुझे बाबा मला म्हणाले होते, "पंढरी, यंदा माझा प्रसाद बसतोय परीक्षेला. एवढं एक वर्ष तू दुसरी सोय बघ." मी हो म्हटलं. खोडाळ्यात तेव्हा एकाकडे जीप होती. मी एकदा त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, बघू. त्यानंतर दोन महिने मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. कामं होती असं नाही. माझ्या मनात कुठेतरी पक्कं होतं की शेठ आहेत, ते काही पोरांना वाऱ्यावर सोडणार नाहीत. आठ वर्षं ते येत होते. आठ वर्षांत उपकाराची सवय होते, आणि मग माणूस तो उपकार आहे हे विसरतो.

परीक्षेच्या आधी शुक्रवारी मी जीपवाल्याकडे गेलो, तर जीप एका लग्नाला गेलेली. शनिवारी सकाळी मी एसटीच्या कंडक्टरजवळ शेठना चिठ्ठी दिली. त्यात एवढंच होतं: जीप मिळाली नाही. नऊ मुलं तयार आहेत. "या" असं मी लिहिलं नाही. पण त्या चिठ्ठीचा दुसरा अर्थ होत नव्हता, आणि तो होऊ नये अशीच मी ती लिहिली होती.

संध्याकाळी शेठ आले. मला काही बोलले नाहीत. मी जीपवाल्याला दोष दिला. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या आळसामुळे तुझा शब्द मोडला हे मी त्यांनाही कधी सांगितलं नाही. पुढे इतकी वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, तरी जीभ उचलली नाही. तू दहा वर्षांचा होतास, तुला यातलं काय माहीत असणार. तू बाबांवर रागावलास. रागवायचं होतं ते माझ्यावर.

बाबांचा शब्द मी मोडला, बाळ. त्यांनी नाही.

मला माफ कर असं म्हणायला मी लायक आहे की नाही, माहीत नाही. पण आभार तरी मानू दे. त्या नऊ पोरांना तू आपले बाबा दिलेस. न विचारता तुझ्याकडून घेतले, तरी ते तुझेच होते. हे आभार मानायला मला फार उशीर झाला.

तुझा,
पंढरी झुगरे

*

जव्हार
५ मार्च २०२५

पंढरीभाऊजी,
नमस्कार.

महिनाभर तुम्हाला काही कळवलं नाही. तुम्ही काय काय मनात आणलं असेल. प्रसादनेही लिहिलं नसणार.

तुमचं पत्र त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "आई, हे तुला माहीत होतं?" मी म्हटलं, जीपवाल्याचं माहीत नव्हतं. आणि फोन ठेवून दिला. कारण पुढे बोलायचं होतं ते मला बोलवेना.

भाऊजी, तुम्ही सगळं आपल्या माथी घेतलंत. पण तुमची चिठ्ठी त्या दिवशी दुकानात आली, ती वाचून हे घरी आले आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "मी जात नाही. प्रसादला शब्द दिलाय." ते पाय धुवायलाही गेले होते. मीच म्हटलं, आपलं पोर चालत दहा मिनिटांत पोचेल. ती नऊ कशी पोचणार? तुम्ही जा, प्रसादला मी समजावते.

आणि मी समजावलं नाही. तो शिकवणीहून आला, अंगणात उभा राहून विचारायला लागला, बाबा कुठे. त्याचं तोंड असं झालं होतं की माझा धीर सुटला. मी म्हटलं, "त्यांनी ठरवलं आणि गेले, मी काय करू." पोर माझ्यावर रुसेल ही भीती. दोन दिवसांत विसरेल असं वाटलं. तो विसरला नाही. आणि ह्यांनीही मला कधी पुढे केलं नाही. एकदा मी म्हटलं होतं, मी त्याला खरं सांगते. तर म्हणाले, राहू दे, आईवर रुसलेलं पोर जाणार कुठे? माझ्यावर रुसला तर तुझ्याकडे तरी येईल.

गेल्या रविवारी प्रसाद एकटा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो उठून बाहेर गेला. जेवला नाही. मला वाटलं, झालं, आता मुलगाही मला दुरावला. बऱ्याच वेळाने खिडकीतून बघितलं तर त्याने फियाटवरचं कापड काढलं होतं आणि नुसता उभा होता. दुपारी कमलेशला बोलावून आणलं. दोघांनी बॉनेट उघडलं. जाताना माझ्या पाया पडला.

आता पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण छातीवरून दगड उतरला. तुम्ही आधी लिहिलंत म्हणून मला बोलता आलं. नाहीतर मी तशीच गेले असते.

तुमची,
चंपावहिनी

*

नाशिक
१२ मार्च २०२५

पंढरी सर,
नमस्कार.

उत्तराला उशीर केला. तुमच्यावर राग आला होता, मग आईवर आला. आता कोणावर आहे ते कळत नाही, म्हणून तो विषय सोडून देतो.

मुंबईच्या माणसाला नकार कळवला आहे. गाडी तुम्हाला द्यायचं ठरवलं. तुम्ही योग्य वाटेल ती किंमत द्या. कमलेशने कार्बुरेटर साफ केला, बॅटरी नवीन घातली, ब्रेकचं काम चालू आहे. कागदपत्रांचं मी बघून घेतो.

२३ तारखेला, रविवारी, मी स्वतः गाडी घेऊन येईन. त्या रस्त्याने मी आजवर कधी आलो नाही. आईचे गुडघे बघता तिला आणत नाही. परत जाताना मला खोडाळ्यापर्यंत कोणी सोडू शकेल का ते बघा, तिथून जीपने जाईन.

आणि एक. त्या वर्षीच्या नऊ जणांपैकी कोणी गावात असेल तर बघायला आवडेल. बोलावलंच पाहिजे असं नाही.

प्रसाद

*

सूर्यमाळ
२४ मार्च २०२५

आदरणीय चंपावहिनी,
सप्रेम नमस्कार.

काल काय झालं ते प्रसादने तुम्हाला सांगितलं असेल, किंवा नसेल. तो तुमच्यासारखाच आहे, वेळ घेतो. म्हणून मी लिहितो.

गाडीसाठी मी पडवीला लागून कुडाचा मांडव घातला होता. वर पेंढा. सकाळी नऊपासून आम्ही बाहेर उभे. नऊ जणांपैकी पाच आले. दोघं मजुरीला गेलेत, एक भिवंडीला असतो, त्याचा फोन लागला नाही. आणि एक पोर तरुणपणीच वारलं. आलेल्यांत लक्ष्या होता, तो आता वनरक्षक आहे. रामी आणि पारू इथंच शेती करतात, चंदना बालवाडी चालवते, आणि सुकरी उपकेंद्रात नर्स आहे, ती ड्यूटी बदलून आली.

साडेदहाला चढणीवर आवाज आला. वहिनी, तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. वळणावरून दुधी रंग दिसला. काचेमागे शेठच बसलेत असं वाटलं. बसण्याची ढब तीच, मान जरा पुढे.

प्रसाद उतरला. पाचही जण त्याच्याभोवती अवघडून उभे. चाळिशीला आलेली माणसं, पण पेपरच्या दिवशी दिसायची तशीच दिसत होती. त्याने एकेकाचं नाव विचारलं. सुकरीचं नाव ऐकल्यावर तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "केस बाबांनी विंचरले होते, ती तुम्ही?" ती म्हणाली, हो, मीच. तुम्हाला कसं माहीत? तो म्हणाला, मी खिडकीत होतो.

मग सुकरीने जे सांगितलं ते मलाही नवं होतं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबरच होतो, पण घाटात इंजिन तापलं तेव्हा मी डबा घेऊन पाण्याला ओहोळावर उतरलो होतो. माझ्यामागे काय झालं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो.

"गाडी थांबली तिथं वाघोबाचा दगड आहे. तुमच्या बाबांनी आमाला सगळ्यांना खाली उतरवलं. सारखे घड्याळ बघत होते. आमी घाबरलो, वाटलं पेपर चुकला. तर ते म्हणाले, पोरांनो, तिकडे माझा प्रसाद एकटाच परीक्षेला चाललाय. मी त्याच्याजवळ पायजे होतो. तुमी नऊ जण आहात, त्याच्यासाठी हात जोडा. मग आमी ओळीत उभे राहून हात जोडले. तुमचं नाव घेऊन. मी तुमाला बघितलं नव्हतं, पण नाव पाठ झालं. पुढे माझ्या पोराला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तेच आठवलं."

तिचा मुलगा प्रसाद आता बारावीला आहे. ते नाव कुठून आलं हे शाळेत त्याला रोज हाक मारूनही मला कधी कळलं नाही.

तुमचा प्रसाद गाडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ डोंगराकडे तोंड करून उभा होता. रामीने पाणी आणून दिलं, ते प्याला. मग आमच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं जेवला. बायकोने आग्रह केला तर तिसरी भाकरीही घेतली. जेवताना पाचही जण शेठच्या गोष्टी सांगत होते आणि तो ऐकत होता, मध्येच विचारत होता, मग, मग पुढे?

निघायची वेळ झाली. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याचा हात लगेच सुटला नाही. बघा, अडीच महिने मी ज्याची वाट बघत होतो ती वस्तू माझ्या तळहातावर होती, आणि मला दिसत होतं की ती माझी नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. मांडव घातला होता. सकाळी पोरासारखा उठून मी तो झाडला होता. पण मी किल्ली त्याच्या खिशात घातली आणि म्हटलं, "प्रसाद, ही घेऊन जा. अनोळखी माणसाकडे जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. तुझ्याकडे गेली तर कुठे अनोळखी माणसाकडे गेली?"

तो म्हणाला, "सर, मी शब्द दिलाय तुम्हाला." मी म्हटलं, या शब्दातून मी तुला मोकळं करतो. मला तेवढा हक्क आहे.

त्याने वाकून नमस्कार केला. मग लक्ष्याला आणि सुकरीला म्हणाला, चला, खोडाळ्यापर्यंत सोडतो. पाचही जण बसले. खोडाळ्याला काम एकाचंही नव्हतं.

वहिनी, शेठनी आम्हाला जे दिलं ते फेडण्यासारखं नाही आणि मी फेडायला बघतही नाही. पण काल त्यातलं थोडंसं त्यांच्या मुलाच्या पदरात पडताना मी पाहिलं. म्हातारपणी एवढं दिसलं, पुष्कळ झालं.

आपला,
पंढरी झुगरे

*

जव्हार
२ एप्रिल २०२५

पंढरीभाऊजी,
नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण प्रसादने मला एवढं नीट सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तो दिवेलागणीला आला. मी भाकऱ्या थापत होते. अंगणात फियाटचा आवाज ऐकला आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. मला वाटत होतं तो जीपने येईल. बाहेर आले तर तो गाडीतच बसून होता. दार उघडत नव्हता. मी चहा करून नेला. त्याने पलीकडचं दार आतून उघडलं आणि म्हणाला, "आई, बस."

मी बसले. भाऊजी, चाळीस वर्षं ती गाडी आमच्या दारात होती, पण मी कायम मागेच. पुढे कधी माल, कधी पाहुणे, कधी तुमची पोरं. पुढून जग वेगळं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

तो चहा हातात धरून म्हणाला, "आई, बाबांनी माझं नाव घेतलं होतं. नऊ पोरं हात जोडून उभी होती." आणि मग रडला. हे गेले तेव्हा तो रडला नव्हता. सगळं नीट केलं, लाकडापासून दिवसांपर्यंत, पण डोळ्यांत पाणी नाही. मला त्याचीच भीती वाटायची. त्या संध्याकाळी पोटभर रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. चहा गार झाला. मग मला म्हणाला, "तू बाबांना जा म्हणालीस ते बरोबरच केलंस." एवढं ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबले होते ते मलाच माहीत.

तुमच्या पत्राला नाही म्हणणं सोपं होतं. तुम्ही गाडी मागितलीत, म्हणून आम्ही तिघं एकमेकांशी खरं बोललो. आणि मिळाल्यावर तुम्ही ती सोडलीत. ह्यांनी आयुष्यात माणसं ओळखण्यात चूक केली नाही, हे तुमच्यामुळे कळलं. ह्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने, तुमचे आभार.

परवा नाशिकला निघतोय. सोनल आणि प्रांजल आजच आल्या आहेत, त्या एसटीने जातो म्हणाल्या, पण प्रसाद ऐकेना. सगळे फियाटनेच जाणार. गाडीत सामान फार झालंय, तेव्हा माझी गादी आणि पाटा-वरवंटा इथंच राहतोय. प्रांजलने आत्ताच सांगून ठेवलंय की पुढे ती बसणार.

प्रसाद तिला म्हणाला, पुढे आजी बसेल.

तुमची,
चंपावहिनी